कोहळं आणि चॉकलेट, ओव्हनशिवाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ओव्हन शोधून सापडायचा नाही. कोहळी मात्र दिवाळीनंतर कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या कवेलूंवर, कुणाच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर अशी लोळत असतात की शेजारी-पाजारी वाटूनही संपत नाहीत. भाजी होते, बोंडं तळून होतात, तरी अर्धं कोहळं झाकून ठेवलेलं असतंच. पोरीच्या हट्टापायी मी एकदा त्यात चॉकलेट घालून गोळे वळून पाहिले. पहिल्या तीन खेपा वाया गेल्या, चौथी जमली. तेव्हापासून बचत गटातल्या बाया, नात्यातल्या पोरी आणि कुणाकुणाकडून नंबर मिळालेले लोक फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

कोहळं म्हणजे नेमकं कोणतं? आमच्या पुण्याच्या वहिनी म्हणतात, कोहळ्याचा तर पेठा करतात.

वहिनी त्यांच्या जागी बरोबर आहेत. तिकडे कोहळा म्हणजे पांढुरका, राख फासल्यासारखा दिसणारा. त्याचा पेठा होतो, सांडगे होतात. आपण विदर्भात ज्याला कोहळं म्हणतो, त्याला तिकडे लाल भोपळा किंवा तांबडा भोपळा म्हणतात. इथे सगळीकडे मी कोहळं म्हणते ते हेच, आतून केशरी असलेलं. एका मैत्रिणीच्या नणंदेने मुंबईत ही कृती वाचून खरोखरच पांढरा कोहळा आणला होता. त्याचं जे झालं, त्याला तिने शेवटी कोशिंबीर म्हणून वाढलं.

निवडताना देठ बघा. देठ वाळून लाकडासारखा झालेला आणि सालीत नख रुतत नाही, असं कोहळं पिकलेलं समजा. कोवळं भाजीला चांगलं, पण या कामाला नको. ते नुसतं पाणी असतं.

ओव्हन नको म्हणजे कोहळं कच्चंच घालायचं का?

नाही हो. हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. भाजायचं नाही म्हणजे भट्टीत घालायचं नाही, एवढंच. चूल किंवा गॅस लागतोच.

कोहळ्यात शंभरातले नव्वद भाग पाणी असतं. या पाण्याचं काय करायचं, हीच या सगळ्या खटाटोपातली गोम. गोळा वळत नाही, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, चॉकलेट फाटतं, वरचं आवरण सुटून पडतं: मला आलेल्या दहा तक्रारींपैकी आठ शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबतात.

म्हणून कोहळं पाण्यात शिजवू नका. साल आणि बिया काढून मोठ्या फोडी करा, कुकरच्या डब्यात घाला, डब्यात थेंबभरही पाणी नको, पाणी फक्त खाली कुकरमध्ये. दोन शिट्ट्या. डबा उघडला की तळाशी केशरी पाणी साचलेलं दिसेल. ते ओतून घ्या, टाकू नका. पीठ मळायला किंवा वरणात जातं. फोडी चाळणीवर दहा मिनिटं निथळू द्या आणि मग घोटा.

आता खरं काम. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप घाला, त्यात हा गर टाका आणि मध्यम आचेवर परता. सुरुवातीला फटफट उडेल, हाताला चटका बसेल, लांब दांड्याचा सराटा म्हणजे उलथनं घ्या. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलतो. फटफट थांबून चुरचुर सुरू होते, रंग केशरीवरून विटकरीकडे झुकतो, आणि सराट्याने मधून रेघ ओढली की कढईचं बूड दिसतं. ती रेघ लगेच बुजत असेल तर अजून पाणी आहे. रेघ तशीच राहिली, गर कडा सोडून एका गोळ्यात फिरू लागला, की उतरवा. अर्धा किलो फोडींचा माझ्याकडे दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम गर उरतो. तुमच्याकडे साडेतीनशे उरला असेल तर परत कढईत घाला.

आणि गार होऊ द्या. कोमट नाही, गार.

माप सांगा ना. वाटीचं सांगा, वजनकाटा नाही घरी.

साधारण चोवीस गोळ्यांचं माप देते. आमटीची मध्यम वाटी घ्या.

परतलेला, गार झालेला कोहळ्याचा गर एक वाटी (दोनशे ग्रॅम). भाजून सोललेल्या फल्लीदाण्यांचा (शेंगदाण्यांचा) जाडसर कूट दीड वाटी. मंद आचेवर खमंग भाजलेलं ज्वारीचं पीठ, किंवा ज्वारीच्या लाह्या मिक्सरमधून काढून, किंवा ओट्स भाजून दळून: यातलं काहीही एक वाटी. किसलेला गूळ अर्ध्या वाटीला थोडा कमी. बिनसाखरेची कोको पावडर तीन मोठे चमचे. तूप दीड चमचा. मीठ चिमूटभर, हे विसरू नका. मिठाशिवाय कोको नुसता कडू लागतो. जायफळ किंवा सुंठ आवडीप्रमाणे.

गूळ गरात घालून आधी मिसळा, मग कोको, मग कूट, शेवटी पीठ. कोपरात (परातीत) घेऊन हाताने मळा. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पीठ ओल ओढून घेतं. मग लिंबाएवढे गोळे वळा. वरून चॉकलेट लावायचं असेल तर गोळे तासभर थंड जागी ठेवा आणि शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात बुडवा. लावायचं नसेल तर तसेच खा, किंवा भाजलेल्या तिळात घोळवा. मला स्वतःला तिळातले जास्त आवडतात. पोट्ट्यांना विचारायची सोय नाही, त्यांना चॉकलेटच पाहिजे.

ज्वारीचं पीठ कच्चं घालू नका. कच्च्या पिठाची चव घशाला लागते, शिवाय न शिजवलेलं पीठ पोटाला बाधू शकतं. वास सुटेपर्यंत भाजा.

सगळं मापाने केलं, तरी हाताला चिकटतंय. गोळा वळतच नाही.

गर नीट आटला नव्हता, किंवा गरम असताना गूळ घातला आणि तो वितळून पाक झाला. पीठ ओतत बसू नका, कोरडं आणि घशाशी बसणारं होईल. दोन चमचे जवस भाजून दळून घाला. चटणीला करतो तसंच, फक्त तिखट-मिठाशिवाय. जवस ओल धरून ठेवतं आणि चिकटूनही घेतं. अर्ध्या तासात मिश्रण आवळलेलं दिसेल. तरीही नाही जमलं तर ताटाला तूप लावून थापा आणि वड्या पाडा. गोळेच पाहिजेत असं कुठे लिहून ठेवलंय?

उलट झालं, म्हणजे भुगा होत असेल, तर चमचाभर गरम दूध. पाणी नको.

चॉकलेट कोणतं घ्यायचं? दुकानदार म्हणतो, हे काळं स्लॅब घ्या, स्वस्त आहे आणि सगळे हेच नेतात.

मागची बाजू वाचा. घटकांमध्ये कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. कोको पावडरीसोबत हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असतं, वितळवायला सोपं, लवकर घट्ट होतं. पण तोंडात मेणासारखं राहतं आणि साखर बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकाला असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर पहिली दिसली की तेच सगळ्यात जास्त आहे असं समजा.

पौष्टिक म्हणून करायचं असेल तर ५५ ते ७० टक्के कोको असलेलं डार्क घ्या. गावात नाही मिळत, हे खरं आहे. मी वर्ध्याला गेले की आणते, आणि कुणी नागपूरला इतवारीत किराणा भरायला जात असेल तर त्याच्याकडून मागवते. नाहीच मिळालं तर वरचं आवरण सोडून द्या आणि चांगली कोको पावडर आत घाला. स्वस्त स्लॅब बाहेरून लावण्यापेक्षा ते बरं.

कोको पावडर आणि दुधात घालायची चॉकलेटची पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत अर्ध्याहून जास्त साखर असू शकते. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा: कडू लागली तर कोको.

वितळवताना चॉकलेटचा चिखल झाला. पेंडीसारखं घट्ट, दाणेदार.

थेंब पडला पाण्याचा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये कोको आणि साखरेचे बारीक कण कोको बटरमध्ये तरंगत असतात. दोन-चार थेंब पाणी गेलं की ते कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळ्याचा गोळा होतो. वाफही पुरते. ओला चमचा तर पुरतोच.

लहान गंजात (पातेल्यात) दोन बोटं पाणी तापवा, गॅस बंद करा, मग वर कोरडी स्टीलची वाटी ठेवा. वाटीचं बूड पाण्याला लागायला नको, आणि वाटी गंजाच्या तोंडापेक्षा मोठी हवी, म्हणजे वाफ बाजूने वर येऊन आत पडत नाही. चॉकलेट बारीक चिरून घाला. दोन-तृतीयांश वितळलं की वाटी खाली उतरवा, कोरड्या फडक्यावर ठेवा आणि ढवळत राहा. उरलेलं आपोआप वितळतं. झाकण ठेवू नका. झाकणाचं पाणी आतच पडणार.

फाटलेलं चॉकलेट फेकू नका. चमचा-चमचा गरम दूध घालत घोटत गेलात की पुन्हा गुळगुळीत होतं. आवरणाला उपयोग नाही, कारण ते आता वाळून कडक होणार नाही, पण पोळीला लावून खायला चांगलं.

आवरणाला चमक यावी म्हणून चमचाभर खोबरेल तेल घालतात म्हणे?

घालतात. जानेवारीत घाला, मे महिन्यात घालू नका. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना पातळ होतं. चॉकलेटमध्ये मिसळलं की चॉकलेटही आधी मऊ पडतं. ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्या घरात एसी असणार.

उन्हाळ्यात करता येतील का?

येतील, पण चॉकलेट आत घालून. बाहेर लावून नाही.

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. त्याआधीच मऊ पडायला लागतं. म्हणूनच चॉकलेट तोंडात टाकलं की विरघळतं, अंगाची ऊब त्याला पुरते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो. घरात, पंख्याखाली, सावलीतसुद्धा ३८-४० असतं. मग ते चॉकलेट आवरण म्हणून राहणार कसं?

हे शहाणपण मला फुकट नाही मिळालं. भाच्याच्या लग्नाला एप्रिलच्या शेवटी पन्नास गोळे केले. पहाटे फ्रीजमधून काढले, स्टीलच्या डब्यात केळीचं पान घालून लावले, डबा ओल्या पंचात गुंडाळला आणि साडेदहाची बस धरली. खिडकीची जागा मिळाली म्हणून आनंद झाला होता. मांडवात पोचल्यावर मोठ्या हौसेने वहिनींसमोर डबा उघडला, तर पन्नास गोळ्यांचा एक गोळा. त्यावर केळीचं पान चिकटलेलं. वहिनी बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी चमचा आणला. पोट्टे डब्याभोवती बसले आणि अर्ध्या तासात खरवडून खाल्ला. पण आहेराच्या ताटात ठेवायचे होते ते, राहिलंच.

तेव्हापासून होळी झाली की आवरण बंद. कोको पिठात मळायचा, गोळा तिळात किंवा लाह्यांच्या चुऱ्यात घोळवायचा. पोरांनी हातात घेतला तरी वह्या रंगत नाहीत.

आमच्याकडे फ्रीज नाही. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची लाईन दुपारभर नसते.

नोव्हेंबर ते जानेवारी फ्रीजची गरजच नाही. रात्री ताट जाळीच्या कपाटात ठेवा, सकाळी आवरण टणक. थंडीच्या लाटेत विदर्भातलं रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं, फ्रीज तरी याहून काय वेगळं करतो.

एक सांगते: चॉकलेट घट्ट व्हावं म्हणून ताट कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा गार असते, पण ओली असते. ती ओल चॉकलेटवर बसते आणि वाळल्यावर साखर वर येऊन खरखरीत पांढरा थर धरतो. साधा पंखा चालेल.

लाईन वारंवार जात असेल तर फ्रीजवर विसंबून मोठी खेप करू नका. दहा-बारा गोळे करा, दोन दिवसांत संपवा.

वर पांढरं आलंय. बुरशी आहे का?

बोट फिरवून बघा. बोटाच्या उबेने पुसून गेलं तर ते कोको बटर आहे; तापमान वर-खाली झालं की वर येतं, खायला काही हरकत नाही. खरखर लागली तर साखर. केसाळ, हिरवट-करडं दिसलं, वास आला किंवा चिरल्यावर आत तार धरली तर पूर्ण डबा उकिरड्यावर. बुरशी आलेला एक काढून बाकीचे खाऊ नका, ओल्या पदार्थात ती दिसते त्याहून खोल गेलेली असते.

किती दिवस टिकतात?

तिळाच्या लाडवासारखे महिनाभर टिकतील या भरवशावर राहू नका. यात कोहळं आहे, ओल आहे. फ्रीजमध्ये चार दिवस. बाहेर, थंडीत, एक दिवस. उन्हाळ्यात बाहेर तासाभरापेक्षा जास्त नाही. फ्रीजरमध्ये हवाबंद डब्यात महिनाभर राहतात. खायच्या आधी रात्री खालच्या कप्प्यात उतरवा.

परदेशी कृतींमध्ये डब्यातलं कोहळं लिहिलेलं असतं. ते कुठे मिळेल?

कशाला शोधता? ते तिकडच्या घट्ट गराच्या जातीचं शिजवून, घोटून डब्यात भरलेलं असतं, एवढंच. आपला आटवलेला गर तेच काम करतो. आणि त्यात जो खास कोहळ्याचा मसाला लिहितात तो म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. सगळं आपल्या डब्यात आहे. गंमत अशी की कोहळं आणि कोको दोन्ही मुळात अमेरिका खंडातले. तिथून निघून कोहळं आपल्या गोठ्यावर कधी चढलं ते आपल्याला कळलंही नाही, इतकं ते घरचं झालं.

हे खरंच पौष्टिक आहे, की नुसतं म्हणायला?

कशाशी तुलना करता त्यावर आहे.

कोहळ्यात कॅलरी फार कमी, शंभर ग्रॅम कच्च्या फोडींत पंचविसेक. त्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते अंगी लागायला सोबत स्निग्ध काहीतरी लागतं; इथे फल्लीदाणे आणि तूप ते काम करतात. दाण्यांची प्रथिनं, ज्वारीचा कोंडा, कोकोतलं लोह आणि तंतू, हे सगळं खरं.

पण गूळ घातला म्हणून पदार्थ पौष्टिक होतो, हे मी कुणालाच सांगत नाही. शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात, साखरेत थोड्याच जास्त. गुळात थोडी खनिजं असतात, चव चांगली असते, आणि शेवटी ती साखरच असते. खजूर घातला तरी त्याचा मोठा भाग साखरच. वरच्या मापात एका गोळ्याला आवरणासकट शंभरेक कॅलरी आणि चार-साडेचार ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. दोन गोळे खाल्ले तर छान. एका बैठकीत सहा खाल्ले तर दिवसाचा कोटा इथेच संपला, आणि चहा राहिलाच.

मला विचाराल तर याचा फायदा वेगळाच आहे. तळणीच्या बोंडांपेक्षा तेल कमी, दुकानातल्या चमकत्या पाकिटापेक्षा साखर कमी, आणि जे पोट्टे कोहळ्याची भाजी बघून ताटावरून उठतात ते हे मागून खातात.

शुगरवाल्यांना चालेल का?

आमच्या सासऱ्यांना आहे, त्यामुळे हा प्रश्न घरचाच. गुळाचा किंवा खजुराचा गोळा त्यांना औषध समजून देऊ नका, रक्तात साखर चढतेच. त्यांच्यासाठी मी गूळ अजिबात न घालता, दाण्याचा कूट वाढवून, जायफळ जास्त घालून चार गोळे वेगळे वळते. कोहळ्याची स्वतःची गोडी असते, ती पुरते. जेवणानंतर एक. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझ्या सांगण्यावर नको.

गुळाऐवजी कंडेन्स्ड मिल्क घातलं तर झटपट होतं ना? आणि बिस्किटांचा चुरा?

होतं, चवही छान येते. पण चारशे ग्रॅमच्या एका डब्यात दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते. बिस्किटं म्हणजे मैदा आणि अजून साखर. वाढदिवसाला करा, रोजच्या खाऊत नको.

कोहळ्याच्या बियांचं काय करायचं?

पहिले म्हणजे फेकायच्या नाहीत. शंभर ग्रॅम सोललेल्या बियांत तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर. धुऊन, रेषा काढून, दोन दिवस उन्हात वाळवा.

सोलणं मात्र चिकाटीचं काम आहे. पाकिटातल्या हिरव्या बिया दिसतात तशा आपल्या नसतात, आपल्या कोहळ्याच्या बीवर जाड पांढरं टरफल असतं. आमच्या सासूबाई दुपारी ओसरीवर बसतात, नेलकटर घेऊन. बीची कड टोकापासून कापायची, दोन बोटांत दाबायची, टक आवाज येतो आणि आतला हिरवट मगज पदरात पडतो. तासाभरात मूठभर निघतात, त्यातल्या निम्म्या नातू उचलून खातो. उरलेल्या कोरड्या कढईत फुलेपर्यंत भाजा, गोळ्याच्या वर एक-एक टोचा किंवा जाडसर कुटून आत घाला. पाकिटाची बी घेतली तर वेळ वाचेल, ओसरीवरच्या गप्पा मात्र जातील.

आपल्याकडचं अजून काय घालता येईल?

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या बाया मोहफुलं घालतात, आणि हे मी त्यांच्याकडूनच शिकले. वाळलेली मोहफुलं निवडून, आतले केसर काढून, मंद आचेवर भाजून कुटायची. मनुकांसारखी गोड, वर थोडा धुरकट, रानाचा वास. कोकोच्या कडवटपणाला त्याची जोड फार जमते. गूळ निम्म्यावर येतो.

संत्र्याच्या हंगामात नागपुरी संत्र्याची साल धुऊन, फक्त केशरी भाग किसून घाला, अर्धा चमचा पुरे. पांढरा भाग कडू असतो. रस घालू नका. पाण्याचं पुराण वर झालंच आहे. भिवापुरी मिरचीची चिमूटभर पूड वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालून बघा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण कोको जिथला, तिथे तो मिरची घालूनही प्यायचे.

लहान बाळांना देऊ का?

वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. आणि गुळाऐवजी मध घालत असाल तर त्या वयाला मध मुळीच नको. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी दाणे आणि बिया बारीक दळा, अख्खा दाणा घशात अडकतो. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलांसाठी तीळ किंवा सुकं खोबरं वापरा, पण तिळाचीही अ‍ॅलर्जी असते हे लक्षात ठेवा. कोकोत थोडं कॅफिन असतं, रात्री झोपायच्या आधी नको.

उपासाला चालतात का?

कोहळं आमच्या घरी चालतं, माहेरी चालत नव्हतं. ज्वारी-ओट्सऐवजी राजगिऱ्याच्या लाह्यांचं पीठ घाला, दाण्याचा कूट आहेच. कोको उपासाला चालतो का हे कुठल्याच पोथीत सापडणार नाही. सासूबाईंना विचारा आणि त्या म्हणतील ते खरं.

गटातर्फे विकायचे आहेत.

थंडीतच विका, आणि आवरण नसलेलेच. घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आधी करा. पाकिटावर घटक, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचे ती तारीख, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि शेंगदाणे असल्याची सूचना हवी. भाव काढताना स्वतःच्या हाताची मजुरी धरा. आमच्या पहिल्या खेपेत आम्ही दाणे, गूळ, गॅस सगळं धरलं, आणि दोन दिवस कढईपुढे उभ्या राहिलेल्या चौघींचं काहीच धरलं नाही.

कोहळं चवीला कडू लागलं, गूळ वाढवू का?

फेकून द्या. कोहळ्याच्या कुळात काही वेळा कडू विषारी द्रव्य तयार होतं, शिजवून ते जात नाही. उलट्या, जुलाब, पोटात कळा असा त्रास होतो. कापल्यावर कच्च्या फोडीचा बारीकसा कण जिभेवर ठेवायची सवय लावा. कडू लागला की थुंका, आणि गोडाखाली लपवू नका.

बाईने अख्खं कोहळं फोडू नये म्हणतात. घरी माणूस नसेल तर?

आमच्याकडेही पहिली चीर पुरुषाने द्यायची रीत आहे. बळीच्या जागी कोहळं कापतात, त्यातून ती आली असं जुनी माणसं सांगतात. मी शेजारच्या सातवीतल्या पोट्ट्याला हाक मारते. तो चीर देतो, रीत राहते, आणि दोन गोळे मजुरी घेऊन जातो. तो शाळेत असला तर माझी मीच फोडते.

खाली पडलेला गोळा कुत्र्याला घातला तर चालेल?

नुसतं शिजलेलं कोहळं घाला, आवडीने खातं. चॉकलेट किंवा कोको असलेलं काहीही नको, कुत्र्याला ते विषासारखं आहे. डार्क चॉकलेट आणि कोको पावडर तर जास्तच. पडलेला गोळा चुलीत टाका.